दोन मिलिमीटरची ओढ

सुगी आटोपून शेतातली कामे थोडी विसावली की खानापूर तालुक्यातील आमच्या गावात लोहाराच्या भट्टीसमोर गाड्यांची चाके येऊन पडत. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेला लाकडी घेर आणि या सगळ्याभोवती चढवायची लोखंडी पट्टीची गोल धाव, असे चाकाचे रूप असे. लोहार चाकाचा घेर नीट मोजत असे आणि धाव मात्र त्या मापापेक्षा मुद्दाम थोडी तोकडी करत असे. मला लहानपणी ती चूक वाटे. एकदा धीर करून मी म्हटलेही, "मामा, कडं लहान झालंय." त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "लहान हाय म्हणूनच बसतंय की."

मग शेणींचा गोल ढीग रचून त्यात धाव तापवली जाई. ती काळपट लाल झाली की तिघेजण सांडशींनी उचलून ती चाकावर टाकत. लाकूड करपून धूर निघे, घणाचे दोन-चार घाव बसत आणि लगेच घागरींनी पाणी ओतले जाई. वाफ उठत असतानाच चाकातून कचकच असा आवाज येई. आऱ्यांची टोके तुंब्यात आणि घेरात आत आत रुतत असल्याचा तो आवाज होता. खिळा नाही, डिंक नाही, तरी पुढची काही वर्षे ती धाव उसाचे ओझे घेऊन दगडगोट्यांवरून फिरत राही.

पुढे बेळगावात यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवताना स्थितिस्थापकतेचा धडा मी नेहमी या चाकापासून सुरू केला, कारण या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यात उघडपणे दिसतो: धाव चाकाला आवळून धरते ती शक्ती येते कुठून? उत्तर असे की थंड झालेल्या धावेला तिच्या मूळ मापावर परत जायचे असते आणि आतले लाकूड तिला जाऊ देत नाही. धाव कायमची ताणलेल्या अवस्थेत राहते आणि ताणलेली असेपर्यंतच ती आवळू शकते. बाहेरच्या बलामुळे आकार बदलल्यावर मूळ आकाराकडे परत जाण्याचा पदार्थाचा जो गुण आहे, त्याला स्थितिस्थापकता म्हणतात.

या व्याख्येत "परत जाणे" हे शब्द महत्त्वाचे आहेत. रोजच्या बोलण्यात जे खूप ताणले जाते ते अधिक लवचीक असे आपण समजतो, त्यामुळे पोलाद स्थितिस्थापक आहे हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. मळलेली कणीकही पुष्कळ ताणली जाते, पण ती ताणलेलीच राहते. पोलादाची तार अगदी थोडी ताणली जाते, पण भार काढताच जवळजवळ अचूक जागी परत येते. किती ताणले जाते आणि किती परत येते, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

आता दोन शब्दांची ओळख करून घेऊ. आपल्या भाषेत "ताण" हा शब्द इतक्या अर्थांनी वापरला जातो की शास्त्रात तो गोंधळ करतो. दोरीला किती जोराने ओढले तोही ताण, दोरीच्या आत काय घडते तोही ताण, आणि दोरी किती लांबली त्यालाही आपण ताणच म्हणतो. म्हणून शास्त्रीय मराठीत यांची फोड केली आहे. बाहेरून लावलेल्या जोराला बल म्हणतात. त्या बलाला पदार्थ आतून जो विरोध करतो, तो प्रत्येक एकक क्षेत्रफळाच्या हिशेबाने मोजला की त्याला प्रतिबल म्हणतात. आणि मूळ लांबीच्या प्रमाणात लांबी किती बदलली, त्या गुणोत्तराला विकृती म्हणतात.

क्षेत्रफळाने भागायचे कशासाठी, हे बेळगावातल्या शहापूर किंवा वडगावच्या मागावर उभे राहिले की चटकन कळते. मागावरच्या उभ्या सुतांना ताणा म्हणतात. त्यातला एक धागा बोटांत धरून ओढला तर तो सहज तुटतो, पण तशाच हजारो धाग्यांचा संपूर्ण ताणा दोन माणसांनी मिळून ओढला तरी तुटत नाही. ओढणारे बल वाढलेले असते, पण ते इतक्या धाग्यांत वाटले जाते की प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडे येते. तुटणे किंवा न तुटणे एकूण बलावर ठरत नसून एका धाग्याच्या वाट्याला काय आले यावर ठरते, आणि हा वाटा म्हणजेच प्रतिबल. दांड्याची ओढ सोसण्याची ताकद त्याच्या लांबीवर नसून छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, हे गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडले होते. प्रतिबल मोजण्याचे कारखान्यातले एकक म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन. एक किलो वजनाची वस्तू हातावर ठेवली की ती सुमारे 9.8 न्यूटन बलाने खाली दाबते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

विकृतीचेही तसेच आहे. एक मीटर तार एक मिलिमीटर लांबली आणि दहा मीटर तार दहा मिलिमीटर लांबली, तर पदार्थाच्या दृष्टीने दोन्हींत एकच गोष्ट घडली: प्रत्येक भाग आपल्या लांबीच्या हजाराव्या हिश्शाने वाढला. विकृती 0.001. तिला एकक नसते, कारण ती लांबीला लांबीने भागून येते.

बल आणि त्यामुळे होणारी वाढ यांचा संबंध सर्वप्रथम ओळखणारा माणूस म्हणजे इंग्लंडचा रॉबर्ट हूक. त्या काळी शोधावर आपला हक्क राखायचा, पण तो लगेच उघड करायचा नाही, यासाठी अक्षरांचे कोडे छापण्याची पद्धत होती. हूकने 1676 साली लॅटिन अक्षरे वर्णक्रमाने लावून असे कोडे छापले आणि 1678 साली त्याची उकल प्रसिद्ध केली. तिचा अर्थ होता, जेवढी वाढ तेवढे बल. स्प्रिंगा आणि लांबच लांब तारा टांगून, त्यांना वजने लावून त्याने हे पडताळले होते. वजन दुप्पट केले की वाढही दुप्पट, तिप्पट केले की तिप्पट. मात्र हूक बोलत होता तो त्या विशिष्ट तारेबद्दल किंवा स्प्रिंगेबद्दल. जाड तार घेतली की आकडे बदलत, लांब घेतली की पुन्हा बदलत. वस्तूचा आकार बाजूला सारून पदार्थाचा स्वतःचा म्हणून एक आकडा असू शकतो, ही कल्पना टॉमस यंगच्या 1807 साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे रुजली, आणि पदार्थाच्या आतल्या कोणत्याही बिंदूपाशी प्रतिबल म्हणजे काय, याची आजची काटेकोर मांडणी फ्रान्सच्या कोशीने 1822 साली केली. हूकच्या साध्या वाक्याला पूर्ण रूप यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली, यावरून ते वाक्य दिसते तितके साधे नव्हते हे कळावे.

आज आपण तो नियम असा म्हणतो: मर्यादेच्या आत प्रतिबल हे विकृतीच्या प्रमाणात असते, आणि प्रतिबलाला विकृतीने भागले की त्या पदार्थाचा यंगचा गुणांक मिळतो. पोलादाचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे 2,00,000 न्यूटन आहे. तांब्याचा 1,20,000 च्या आसपास, ॲल्युमिनियमचा आणि काचेचाही 70,000 च्या जवळपास, काँक्रीटचा साधारण 25,000 ते 30,000, आणि रेषांच्या दिशेने ओढलेल्या लाकडाचा 10,000 च्या आगेमागे. मऊ रबराचा मात्र एकअंकी आकड्यांतच राहतो. गुणांक जितका मोठा तितका पदार्थ ताठ, म्हणजे तेवढीच विकृती घडवायला तितके जास्त प्रतिबल लागते.

आकडे हाताशी आल्यावर एक हिशेब करून पाहावा. घराच्या बांधकामात वापरतात ती 12 मिलिमीटर व्यासाची, 3 मीटर लांबीची सळई छताला टांगली आणि तिला एक टन वजन लावले असे समजू. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस मिलिमीटर आहे, म्हणून प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला सुमारे 87 न्यूटन येते (पुढेही प्रतिबलाचे आणि मर्यादेचे न्यूटन असेच दर चौरस मिलिमीटरचे समजावेत). त्याला 2,00,000 ने भागले की विकृती 0.00043, आणि 3 मीटर लांबीवर वाढ 1.3 मिलिमीटर. एक टन वजन लोंबकळत असताना सळई दीड मिलिमीटरही लांबत नाही आणि वजन काढले की ती वाढ नाहीशी होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण हे 1.3 मिलिमीटर नसते तर सळईने वजन पेलले नसते. विद्यार्थ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगत असे, कारण मला हा या विषयाचा गाभा वाटतो: कोणतीही वस्तू आधी थोडी हलते, दबते किंवा लांबते, आणि त्या हलण्यातूनच तिचा विरोध जन्माला येतो. टेबलावर पुस्तक ठेवले तरी टेबल सूक्ष्म प्रमाणात दबते आणि जितके दबते तितक्याच जोराने पुस्तकाला वर धरते. मुळीच न दबणारा पदार्थ जगात नाही.

आता पुन्हा चाकाकडे येऊ. हिशेबासाठी चाकाचा घेर 4 मीटर धरू आणि लोहाराने धाव 12 मिलिमीटर तोकडी केली असे मानू. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांत 12 भागांनी वाढते. धाव 400 अंशांनी तापवली तर तिचा घेर सुमारे 19 मिलिमीटर वाढतो, म्हणजे ती चाकावर सैलसर उतरते. थंड होताना तिला हे सगळे 19 मिलिमीटर परत हवे असतात, पण 7 मिलिमीटर कमी होताच ती लाकडाला टेकते आणि उरलेल्या 12 मिलिमीटरसाठी झगडा सुरू होतो. लाकूड मुळीच हलले नाही असे धरले तर धावेत 0.003 इतकी विकृती राहील आणि प्रतिबल 600 न्यूटनवर जाईल. साधे लोखंड सुमारे 250 न्यूटनलाच हार मानते, त्यामुळे हे शक्य नाही. प्रत्यक्षात लाकूड माघार घेते: सांधे मिटतात, आरे रुततात, घेर आवळला जातो. तो कचकच आवाज याच माघारीचा असतो. समजा लाकडाने 10 मिलिमीटर दिले आणि धावेला 2 मिलिमीटर ताणलेले राहावे लागले. विकृती 0.0005, प्रतिबल 100 न्यूटन. धावेची पट्टी 50 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर जाड असेल तर तिच्यात एकूण 50,000 न्यूटन, म्हणजे सुमारे पाच टनांची ओढ भरलेली आहे, आणि घेराच्या प्रत्येक सेंटिमीटरवर ती सुमारे 80 किलो वजनाइतक्या जोराने आत दाबते आहे. चार मीटरच्या घेरात दोन मिलिमीटर! लोहारमामांना गुणांक ठाऊक नव्हता, पण किती तोकडे करायचे याचा अंदाज त्यांच्या हातात होता. धाव जास्त तोकडी केली तर आरे वाकतात आणि कमी केली तर धाव निसटते, हे ते जाणत होते.

बल लावून लांबवण्याऐवजी लांबणेच अडवले तरीही प्रतिबल निर्माण होते, हे या चाकातून दिसते. मिरज ते लोंढा रेल्वेमार्गाने जाताना पूर्वीसारखा खडखडाट का ऐकू येत नाही, याचे उत्तरही यातच आहे. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये उन्हाळ्यातील वाढीसाठी फट ठेवत असत. आता रूळ वेल्डिंगने सलग जोडतात आणि स्लीपरांना घट्ट जखडून त्यांना लांबूच देत नाहीत. रूळ जखडला तेव्हाच्या तापमानापेक्षा 30 अंशांनी तापला तर त्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे 72 न्यूटन दाब तयार होतो. एका मीटरला 60 किलो भरणाऱ्या रुळात त्याचा एकूण जोर सुमारे 56 टन होतो. म्हणून रूळ जखडताना तापमान मोजावे लागते आणि बाजूच्या खडीचा भराव नीट राखावा लागतो.

"मर्यादेच्या आत" असे मी वर म्हटले. ती मर्यादा कुठे असते, हे पाहण्याची जागा म्हणजे प्रयोगशाळेतील यूटीएम, म्हणजे नमुने ओढून-दाबून तपासणारे यंत्र. साध्या पोलादाचा गोल तुकडा दोन जबड्यांत धरून यंत्र हळूहळू ओढू लागते आणि बाजूला आलेख उमटू लागतो, आडवी विकृती आणि उभे प्रतिबल. सुरुवातीला रेषा सरळ चढते. हा हूकचा प्रदेश आहे. येथे यंत्र थांबवून भार काढला तर रेषा त्याच वाटेने शून्यावर परत येते. मग 250 च्या आसपास रेषा एकाएकी अडखळते. भार वाढत नाही, पण तुकडा लांबतच राहतो, आणि लाटलेल्या पोलादाच्या पृष्ठभागावरची काळी खपली बारीक तुकड्यांनी गळू लागते. विद्यार्थ्यांना मी तुकड्याखाली पांढरा कागद धरायला सांगत असे, म्हणजे ती खपली पडताना दिसे. हा यील्ड पॉइंट. येथून पुढे पोलाद परत येण्याचा गुण सर्वस्वी सोडत नाही, पण भार काढल्यावर लांबीचा काही हिस्सा कायमचा वाढलेला राहतो. आणखी ओढले की पोलाद पुन्हा सावरते आणि अधिक भार घेते, रेषा बाकदार चढत शिखराला पोहोचते, मग तुकड्याची एकाच जागी कंबर बारीक होऊ लागते आणि शेवटी बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन तो तुटतो. तुटलेले टोक लगेच बोटाने चाचपले तर गरम लागते. ओढण्यात खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग तेथे उष्णता होऊन बसलेला असतो.

दुकानात सळई घेताना ऐकू येणारा "एफई 500" हा शब्द याच मर्यादेचा आकडा आहे. ती सळई दर चौरस मिलिमीटरला किमान 500 न्यूटनपर्यंत हार मानणार नाही, असा त्याचा अर्थ. अशा सळईच्या आलेखात अडखळण्याची जागा ठळक दिसत नाही, म्हणून भार काढल्यावर 0.2 टक्के वाढ कायम राहील ते प्रतिबल तिची मर्यादा मानतात.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण आमच्या भागात त्यापायी अनेकांचा पैसा गेलेला मी पाहिला आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा सांगाडा भरल्यावर फार वाकतो, म्हणून एका शेतकऱ्याने जुने चॅनल काढून त्याच मापाचे, पण महाग आणि मजबूत पोलादाचे चॅनल बसवून घेतले. ट्रॉली पूर्वीइतकीच वाकली. वेल्डरने फसवले अशी त्याची समजूत झाली, पण त्यात वेल्डरचा दोष नव्हता. पोलाद साधे असो वा भारी, दोन्हींचा यंगचा गुणांक जवळजवळ सारखाच असतो. भारी पोलादाची मर्यादा उंच असते, म्हणजे ते उशिरा हार मानते, पण मर्यादेच्या आत असताना दोन्ही सारखेच लांबतात आणि सारखेच वाकतात. मजबुती आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत. वाकणे कमी करायचे असेल तर पोलाद बदलण्यापेक्षा आकार बदलावा. प्लास्टिकची फूटपट्टी आडवी धरून वाकवा आणि मग तीच उभी धरून वाकवून पाहा, फरक हातालाच कळेल. तुळईची उंची दुप्पट केली की तिचे वाकणे आठपट कमी होते.

वाकणाऱ्या तुळईत खरे काय घडते, हेही पाहण्याजोगे आहे. मधोमध वजन ठेवल्यावर तिची वरची बाजू आखडते आणि खालची बाजू ताणली जाते. म्हणजे एकाच तुकड्यात वर दाब आणि खाली ओढ. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ओढीपुढे त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते, म्हणून स्लॅबमध्ये सळया खालच्या बाजूला घालतात. मात्र भिंतीतून बाहेर आलेल्या छज्जाचे उलट असते. तो टोकाकडे खाली झुकतो, म्हणून त्याची वरची बाजू ताणली जाते आणि सळया वर हव्यात. माझ्या एका नातेवाइकाच्या घराच्या छज्जाला भिंतीलगत वरून लांब भेग गेली. फोडून पाहिले तर सळया होत्या, मोजून पुरेशा होत्या, पण काँक्रीट ओतताना कामगारांच्या पायांखाली दबून तळाला गेल्या होत्या. जेथे ओढ होती तेथे नुसते काँक्रीट होते. सळई किती घातली याइतकेच ती कुठे बसली हे महत्त्वाचे असते, आणि काँक्रीट ओतण्याच्या दिवशी मालकाने स्वतः उभे राहून एवढे तरी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांत ज्यांनी काम केले आहे, त्यांना बीड म्हणजे ओतीव लोखंड आणि पोलाद यांतील फरक निराळा सांगावा लागत नाही. घण मारला की पोलाद वाकते आणि बीड फुटते. पण ते का फुटते, याचे कारण त्याच्या पोटात आहे. करड्या बिडात ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे विखुरलेले असतात आणि ओढ लागली की प्रत्येक पापुद्रा भेगेसारखा वागतो. त्याच्या टोकाशी प्रतिबल एकवटते. त्यामुळे बिडाच्या आलेखाला धड सरळ भाग नसतो आणि यील्ड पॉइंटही नसतो. तो हळूहळू बाक घेत जातो आणि पूर्वसूचना न देता संपतो. एफजी 200 प्रतीचे बीड ओढीत किमान 200 न्यूटन सोसते, पण दाबले तर त्याच्या तिप्पट-चौपट सोसते, कारण दाबाने भेगा मिटतात. म्हणून यंत्रांचे बूड बिडाचे आणि ओढ सोसणारे बोल्ट पोलादाचे. ओतताना वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशियम घातले की तेच ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात गोठते. गोळ्याला टोक नसते, म्हणून प्रतिबल तितके एकवटत नाही. अशा एसजी बिडाची 500/7 ही प्रत 500 न्यूटनपर्यंत टिकते आणि तुटण्याआधी 7 टक्के लांबते. मिश्रण जवळजवळ तेच, फक्त ग्रॅफाइटचा आकार बदललेला, आणि स्वभावात एवढा फरक! धातुशास्त्रात याहून सुंदर उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

हे सगळे अणूंच्या पातळीवर कसे घडते? धातूतील अणू एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बसलेले असतात. दूर ओढले तर ते जवळ येऊ पाहतात आणि जवळ दाबले तर दूर सरतात. त्या ठरावीक अंतराच्या आगेमागे अगदी थोडे हलवले तर लागणारे बल अंतराच्या प्रमाणात असते, आणि हूकची सरळ रेषा म्हणजे अब्जावधी अणूंच्या या वागण्याची बेरीज. यील्ड पॉइंटच्या पुढे अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि नव्या शेजाऱ्यांपाशी स्थिरावतात. भार काढल्यावर अंतरे पूर्ववत होतात, पण शेजारी बदललेले असतात, म्हणून लांबी पूर्ववत होत नाही.

रबराची गोष्ट मात्र निराळ्या मुळाची आहे. त्यात लांब साखळ्या गुंतवळासारख्या वेटोळ्या पडलेल्या असतात. ताणले की वेटोळी सरळ होतात आणि सोडले की उष्णतेच्या हालचालीमुळे पुन्हा गुंततात. याची खूण घरबसल्या पाहता येते. जाड रबर बँड झटकन ताणून ओठाला लावा, तो किंचित गरम लागेल. आणि वजन टांगून ताणलेला रबर बँड गरम केला तर तो लांबण्याऐवजी आखडतो. लोखंड याच्या नेमके उलट वागते.

स्थितिस्थापकतेचा सर्वांत कष्टाळू उपयोग ट्रकच्या पाट्यांमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांमध्ये दिसतो. पाट्याचे काम खड्ड्यातील धक्क्याची ऊर्जा क्षणभर साठवून परत देण्याचे असते आणि साठवण्याची ही क्षमता मर्यादेच्या वर्गाप्रमाणे वाढते. 250 न्यूटन मर्यादेच्या साध्या पोलादाशी तुलना केली तर 1,200 न्यूटन मर्यादेचे पाट्याचे पोलाद तेवढ्याच आकारमानात सुमारे 23 पट ऊर्जा साठवते. येथे भारी पोलादाचा पैसा पुरेपूर वसूल होतो, कारण येथे आपल्याला ताठपणा नको, उंच मर्यादा हवी असते. तरीही चोर्ल्याच्या घाटात कधीतरी पाटा तुटतोच आणि चालक म्हणतो की ओझे नेहमीचेच होते. तो खरे बोलत असतो. मर्यादेच्या आतले प्रतिबलही लाखो वेळा येत-जात राहिले की एखाद्या ओरखड्यापासून सूक्ष्म भेग सुरू होते आणि दर धक्क्याला थोडी थोडी सरकते. रेल्वेचे आस असे का मोडतात, याचा शोध जर्मनीच्या ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घेतला, तेव्हापासून फिरणाऱ्या आणि हेलकावणाऱ्या भागांसाठी वेगळी, खालची मर्यादा धरण्याची रीत पडली. तुटलेला पाटा हाती आला तर त्याचा छेद पाहावा. एका कोपऱ्याकडे शिंपल्यासारख्या गुळगुळीत कडी दिसतात आणि उरलेला भाग खरखरीत असतो. गुळगुळीत भाग महिनोन्‌महिने तुटत आला होता, खरखरीत भाग एका क्षणात तुटला.

काळ आणखी एका प्रकारे आत येतो. पोलाद थंड असेपर्यंत आपली ओढ वर्षानुवर्षे जपते, लाकूड मात्र सततच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते आणि हवेप्रमाणे सुकते किंवा फुगते. चैत्र-वैशाखात चाकाचे लाकूड वाळून आत सरले की धावेला ताणून ठेवणारे ते दोन मिलिमीटर नाहीसे होत. विकृती गेली की प्रतिबलही गेले, आणि पाच टनांनी आवळणारी धाव हाताने हलू लागे. तेव्हा लोहाराकडे पुन्हा जाण्याआधी आमच्याकडची माणसे चाके काढून मलप्रभेच्या डोहात रात्रभर बुडवून ठेवत. सकाळपर्यंत लाकूड पाणी पिऊन फुगे, घेर बाहेर सरे, आणि चाक काठावर आणून दगडावर आपटले की धाव पुन्हा घट्ट वाजे.